नाडी

चोपड्याच्या शाळेमागं, सकाळी सहाला,
केळीच्या खांबाचे नऊ तुकडे रांगेत.
यांच्यामधून चेंडू न्यायचा, लाथाडायचा नाही.
पायाशी ठेवा, मी म्हणतो,
बाजारातून नवं वासरू घरी आणतो तसा,
दोर सैल, पण हातात.

नवाज तडवी तिसऱ्या खांबालाच आडवा.
हर्षालीचा चेंडू पुढं, हर्षाली मागं,
दोघं मिळून कुंपणाबाहेर.
"सर, हाऊ चेंडूच वाकडा शे!"

मग शूटिंग.
एक पाय चेंडूशेजारी, मान खाली,
आणि बोटांनी नाही,
नाडीनं मारायचं. बुटाच्या नाडीनं.

जमुना पावरा आपल्या पायांकडे बघत राहिली.
अनवाणी.
शिबिरात मिळालेल्या वहीत हे नव्हतं.

फक्कीच्या डब्यात बोट बुडवून
मी तिच्या उजव्या पायावर नाडी काढली,
चार फुल्या, वर गाठ.
पुसू नये म्हणून टाचेवर चालत
ती चेंडूपर्यंत गेली.

आणि मारला.
आडव्या बांबूवरून
थेट सोनवण्यांच्या केळीत.
सगळे ओरडत मागं धावले.
ती तिथंच, एका पायावर,
दुसरा हवेत धरून,
गाठ सुटली का बघत.