पाय उचलला तिथं

एकोणीस गाड्यांत सातवी.
सोमवारी सकाळी उद्यमबागेत
एवढंच ठाऊक आहे सगळ्यांना,
आणि एवढ्यावर निकालही तयार.
चहाच्या टपरीवर कडोलकर म्हणतो, दम नाही.
फाउंड्रीतला दस्तगीर म्हणतो, पहिल्याच खेपेला सातवी,
पुढच्या खेपेचं लिहून ठेवा की.
दोघांनी गाडी पाहिली ती एकदाच,
जांबोटीच्या वळणावर,
धुळीचा लाल लोट पुढून मागे गेला तेवढी.

मी तिला घोड्यांवर चढवली, चाकं काढली.
डाव्या पुढच्या टायरची आतली कड बोटानं चाचपली:
झिजलीय, पण सोसेल इतकी.
मागचा उजवा शॉक-अब्सॉर्बर घामेजलाय.
पोटाच्या पत्र्यावर खानापूरची जांभी माती
बिडाच्या तव्याला खरपुडी धरावी तशी बसलीय,
छिन्नीनं काढावी लागते.

हा खालचा आर्म मीच कातला.
चौथ्यांदा जमला, तीन भंगारात गेले.
आपला तो बाब्या,
तेव्हा माझं मत धरू नका.

वेळा मात्र कागदावर आहेत.
टप्पे सगळे बारा-बारा किलोमीटरचे.
पहिल्यात अडतीस सेकंद मागे.
दुसऱ्यात एकतीस.
तिसऱ्यात, कणकुंबीच्या बाजूला,
चार.
चौथ्यात पुन्हा छत्तीस.

या चारचं काय करायचं?
कडोलकर म्हणतो, घड्याळ चुकलं असणार.

दुपारी शटर अर्धं ओढून
शिवलीलानं गाडीतल्या कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग लावलं.
मी चित्राकडे पाठ केली, इंजिन ऐकलं.
पहिल्या टप्प्यात आवाज अकरा वेळा तुटतो,
वळणाच्या बऱ्याच अलीकडे,
ती ‘डावं चार’ म्हणायच्याही आधी.
निरंजनचा पाय.
जुन्या गाडीत याच रस्त्यावर तो दोनदा उचलायचा.
म्हणजे नऊ वेळा त्यानं हिला विचारलं,
धरशील का गं?
आणि हिचं ऐकून न घेता
स्वतःच नाही म्हणाला.

तिसऱ्या टप्प्यात काय झालं
ते शिवलीलानं कुणाला सांगितलं नव्हतं.
पहिल्याच उसळीला वही मांडीवरून निसटली,
सीटखाली गेली.
त्याच्यासाठी मुद्दाम मराठीत लिहिलेल्या सगळ्या खुणा
तिथं खाली फडफडत राहिल्या,
आणि तिच्या तोंडाला आली
मुनवळ्ळीत बापाच्या ट्रॅक्टरवर शिकलेली भाषा:
एड. एड. बल मूरु.
नेट्टगे, नेट्टगे,
बिडबेडा!

निरंजनला कन्नड येतं
बाजारापुरतं, बसस्टँडपुरतं.
तेवढ्यात रस्ता बसवायला
सगळं डोकं लागलं असेल त्याचं,
गाडीवर शंका घ्यायला काही उरलं नसेल.
इंजिन एकदाही तुटत नाही
थेट पुलापर्यंत.
पुलावर तो हसतो, हे आत्ता कळलं.

‘हे रिपोर्टात नको घालू,’ शिवलीला म्हणाली.
मी म्हटलं, आधी टायरचं तर लिहू दे.

संध्याकाळी निपाणीच्या शेठचा फोन.
तंबाखूची प्रत चिमटीत ओळखणारा माणूस,
त्याला पानभर ऐकायची सवय नाही.
‘जिंकंल का ही? होय का नाही, एवढंच बोला.’
मी म्हटलं, अजून नीट चालवलीच कुठं कुणी तिला,
बारा किलोमीटर सोडले तर.
पलीकडं बराच वेळ काही नाही.
‘म्हणजे?’
म्हणजे शॉक-अब्सॉर्बर नवा लागणार. पैसे पाठवा.

दिवे लागल्यावर निरंजन आला.
सातवा, म्हणून टपरी टाळून मागच्या गल्लीनं.
चाकं नसलेल्या गाडीत चढून बसला,
आरशाला हात लावला, काढला,
मग विचारलं, ‘बिडबेडा म्हणजे नक्की काय गं?
सोडू नको, का थांबू नको?’
शिवलीला नटांचा डबा शोधत होती.
‘आधी काय वाटलं होतं तुला?’

तो बोलला नाही.
हवेत लटकलेल्या त्या गाडीत बसून
इंजिन बंद असताना
पेडल दाबत राहिला, हळूहळू, तळापर्यंत.
मी आर्मचा बोल्ट आवळत होतो,
मला स्प्रिंगची कुरकुर तेवढी ऐकू येत होती.