शुक्रवारपर्यंत

चौथीच्या वर्गातून कागद आला: आपलं राज्य, नेब्रास्का.
पक्षी, फूल, झाड, नद्या. नकाशा मिठाच्या पिठाचा.
साठीपुढच्या एका माणसाची मुलाखत.
पालकांनी मदत करावी, पण ती दिसू नये.

डिलेनीने दोन वाट्या मैदा घेतला, एक वाटी मीठ.
डोंगर नाहीतच, म्हणाली, सोपं आहे.
पश्चिमेला अंगठ्याने थोडं वर उचललं,
बाकी सगळं लाटण्याने सपाट.

मुलाखतीला मिलो आजोबा. प्रश्न पहिला:
तुम्हाला आपल्या राज्यातलं काय आवडतं?
आजोबांनी आधी कॉफी संपवली.
खिडकीबाहेर मक्याचे खुंट, त्यांच्या दाढीसारखे.
"वारा," म्हणाले. मग बऱ्याच वेळाने,
"आवडतो असं नाही."
तिने तेवढंच लिहिलं. पाच ओळी हव्या होत्या.

रात्री अकराला ओव्हन उघडला तर
राज्य मधोमध तडकलेलं, आडवं.
मी पाण्याचं बोट फिरवून बुजवणार
तोच ती अनवाणी उठून आली:
"राहू दे. तिथे प्लॅट नदीच आहे."
ब्रश टेकवला, निळा रंग भेगेत आपणच उतरला,
पार पूर्वेच्या कडेपर्यंत.

राहिलं आमचं गाव. छापील यादीत ते नाही.
दोनशे माणसं, धान्याचं एक कोठार,
आणि ही शाळा, जी पुढच्या वर्षी
बंद होणार म्हणतात.

टाचणी तिच्या चिमटीत आहे, जागाही तिला माहीत आहे.
पीठ मात्र केव्हाच दगड झालंय.