नववा फर्मा

अनगोळच्या वाचनालयातून किणयेकरबाईंनी
पिशवीभर पुस्तकं पाठवली बांधणीला.
त्यातल्या एका कादंबरीला तोंडच नव्हतं.
नावाचं पान, लिहिणाऱ्याचं पान, दोन्ही वाळवीच्या पोटात.
पाठ उसवलेली, फर्मे सुटे.
सगळ्यांत वर नववा.

म्हणून सावंत्रा मला आधी नवव्यात भेटली.
भाऊ दारात उभा. तिनं तांब्या पुढं केला,
बस म्हटलं नाही.
तो पाणी प्याला, तांब्या उंबऱ्यावर ठेवून गेला.
तिनं तांब्या राखेनं घासला. दोनदा.
मी म्हटलं, काय बाई म्हणायची ही,
आणि खळ ढवळायला लागलो.

खळ शिजेस्तोवर पहिला फर्मा हाताला आला.
तिथं ही कुणी निराळीच.
सासूला बरं, दिराला बरं,
दळण मागं सारणाऱ्या गिरणीवाल्यालासुद्धा बरं.
सोळा पानांत तेवीस वेळा. मी मोजलं.
तिसऱ्यात भावानं कागद पुढं केला
तर सही येत असून अंगठा दिला तिनं,
त्याला वाईट वाटायला नको म्हणून.

नवव्यात एक ‘बरं’ नाही.
मधे कुठं सांडली ही सगळी?
चाळीस वर्षं खडेबाजारात पुस्तकं शिवतोय,
दोरा कुठं तुटला ते बोटाला कळतं,
माणूस कुठं तुटलं ते नाही कळत.

पाचव्यात शोधलं. पाचव्यात काही घडतच नाही.
ती शेंगा फोडत बसते.
एक शेंग रिकामी निघते,
ती टाकत नाही, मांडीवर ठेवून देते.
पुढच्या पानावर शेजारीण मीठ मागायला येते
आणि ही म्हणते, संपलंय.
मडकं भरलेलं आहे, आपण पाहिलंय.

या पानापर्यंत पुस्तक मळलेलं:
हळदीची बोटं, तेलाचा डाग,
खानापूर गाडीचं तिकीट, एक वाळकं शेवंतीचं फूल.
इथून पुढं पानं करकरीत.
भावानं जमीन घेतली तोवर लोक हिच्यासोबत होते,
मिठाला नाही म्हणाली
तिथं उठून गेले.

सगळे नाहीत गेले.
नवव्याच्या समासात पेन्सिलीनं काही लिहिलेलं,
अक्षर कानडी. मला पाट्यांपुरतंच येतं.
ईरण्णाला हाक मारली, सौंदत्तीकडचा पोरगा,
चार महिने झालेत कामाला.
त्यानं एकेक अक्षर सोडवत मोठ्यानं वाचलं,
‘ही, आता, माझ्या, सारखी.’
मग माझ्याकडं बघून म्हणाला, अंदरे एन्री?

त्याला वाचता येत होतं, कळत नव्हतं.
मला कळत होतं, वाचता येत नव्हतं.
शाळा कानडी, घर मराठी, असली कुणी पोर असणार,
आईची भाषा शाळेच्या अक्षरात लिहिणारी.
तिच्या दारात कोण उभं होतं?
तिनं कुणाला बस म्हटलं नाही?

मग पहिला फर्मा परत काढला.
आता तेवीसच्या तेवीस ‘बरं’
दात मिटून म्हटल्यासारखी ऐकू यायला लागली.
आधीही तशीच असतील की.
मी वाचायला उशिरा आलो.

शेवटच्या फर्म्यात ते एकदा परत येतं.
रात्री चुलीवर दूध वर आलेलं,
घरात दुसरं कुणी नाही,
ती म्हणते, बरं बरं, आले.

वडगावच्या मागावरचा उरलेला दोरा घेतला,
अकरा फर्मे ओळीनं लावले, जुजबंदी केली, पाठीला कापड.
कटिंगला घेताना थांबलो.
पातं समासावरनं जाणार, पेन्सिलीसकट.
तेवढं एक पान आत दुमडलं
आणि बाकीच्यांवर दाब दिला.

किणयेकरबाईंनी पुस्तक उलटंपालटं केलं,
चष्मा वर ढकलला.
एक पान बाहेर आलंय हो,
बाकीच्यांपेक्षा मोठं राहिलंय.

असू दे की, म्हटलं.
वाढलंय ते.