ओलीसकट वजन

तीन किलोची पिशवी. पुढच्या बाजूला
सोनेरी कुत्रा, मागे हिरवळ,
जळगावात मे महिन्यात कुणी पाहिली नाही अशी.
मी पिशवी उलटी केली.
माझा धंदाच तो, मालाची पाठ बघणं.

डाळ मिलमध्ये चौदा वर्षं नमुने तपासते.
मूठभर तूर ताटलीत पसरून
खडा, काडी, डागी, भुंगा, तुकडा
वेगळं करून वहीत लिहिते.
तरी ही अक्षरं
मुंगीच्या पायाएवढी, चकाकत्या प्लास्टिकवर.
फालकांच्या दुकानात ट्यूबलाइटखाली
चष्मा कपाळावर सारून वाचत राहिले.

"काय वाची राहिनी वं बाई, पोथी शे का?"
सुपडूदादा, हमालीची नोट मोडायला आलेला.
"कुत्रीनं खानं शे, दादा."
"मंग तिले वाचू दे."

कळणीला वाचता येत नाही.
तिचं नाव अंगाच्या रंगावरून:
ज्वारीत उडीद दळला की होतो तसा करडा,
मध्येच काळे कण.
मिलच्या गेटाशी सापडली, सालपटाच्या ढिगात झोपलेली.
दोन महिने कान खाजवतेय,
पोटाखालची कातडी लाल.
डॉक्टर भिरूड म्हणाले, औषध देतो,
पण आधी ती काय खाते ते सांगा.
मी म्हटलं, चिकनचं.
ते म्हणाले, असं पिशवी म्हणते.

तर पहिलं नाव: चिकन.
जास्त वजनाचं आधी, असा नियम.
पण कोंबडी मोजली ती ओली,
अंगातल्या पाण्यासकट.
हे मला कुणी शिकवायला नको.
अवकाळीत भिजलेली तूर काट्यावर काय तोरा दाखवते
आणि दोन दिवस उन्हात पसरली की
पोतं कसं खांदे पाडतं,
ओल मोजायच्या यंत्रावर रोज बघते मी.
कोंबडीही भट्टीत वाळली की
पहिल्या पाटावरून गुपचूप उठते,
मागे जाऊन बसते.

मग मका.
मग मक्याचं ग्लुटेन.
मग मक्याचा कोंडा.
एकाच घरचे तिघे भाऊ
वेगवेगळी रेशनकार्डं काढून उभे,
म्हणजे कुणीच मोठा दिसत नाही.
एकत्र बसवले तर
कोंबडी त्यांच्या पंगतीत वाढपी.

पशुजन्य उपपदार्थ. कुठल्या पशूचे?
मंजूर रंग. कुणासाठी?
कळणीला लाल-हिरवं सारखंच.

आणि सातव्या जागी, जीवनसत्त्वांच्या जरा आधी,
इंग्रजीचा कोट घालून आलेली,
पण चालीवरून ओळखलीच मी:
आपली चुनी.
दर मंगळवारी मागच्या गेटातून ट्रकने जाते ती.
सालपट, टोक, भुकटी.
तिच्यावर "खालचा दर्जा" शिक्का मारते
आणि डबा खायला उठते.
कळणी झोपायची त्या ढिगातली.
मी बाजूला काढलेलं
कुठं कुठं फिरून, सोनेरी कुत्र्याच्या मागे लपून
चारशे ऐंशी रुपयांना माझ्याचकडे परत.

चुनी वाईट नाही. गाय खाते, दूध देते.
फक्त ते पुढच्या बाजूला, हिरवळीवर
लिहायला हवं होतं.

"ताई, देऊ का?" फालक.
शेजारी एक साधी पिशवी होती, चित्राविना.
मासळीचं पीठ, तांदूळ, जवसाचं तेल,
कशाचं किती टक्के तेही. ओल दहाच्या आत.
दोनशे रुपये जास्त.
मी पर्स उघडली, मिटली,
सुपडूदादाकडे पाहिलं, तो वजनकाट्याकडे बघत होता.
उघडली.

घरी ताटलीत मूठभर ओतलं.
सवयीनं हात फिरला: तुकडा इकडे, भुकटी तिकडे.
गॅसवर माझी शेवभाजी,
कांदा-लसणाचा वास, जो तिला फक्त वासच.
"थांब," म्हटलं, "तपासते."
ती थांबली नाही.
नमुना संपला.

वहीत काय लिहू?
लिहिलं: कान, पंधरा दिवसांनी बघणे.