‘तर’चा रकाना

आईची वही हिरव्या पुठ्ठ्याची,
पेन्सिल लोकरीच्या धाग्यानं खिळ्याला बांधलेली.
आत-बाशीत बर्फ ऑक्टोबरात मुक्कामाला येतो,
एप्रिलपर्यंत हलत नाही,
आणि तेवढे महिने अर्धं गाव
त्या वहीवर जेवायचं.

मी बिश्केकहून लॅपटॉप घेऊन परतले,
दुकानाला शिस्त लावायला.
तीन रात्री शेगडीजवळ बसून
आई वाचत गेली, मी टाइप करत गेले.

“लंगड्या घोडीवाला. साखर दोन किलो.”
नाव सांग, आई.
“अगं, लंगड्या घोडीवाला!”
घोडी मेली ना तीन वर्षांपूर्वी?
“म्हणून काय त्याचं नाव बदललं?”

“तोक्तोसुनची धाकटी. औषधाला तीनशे सोम. कुणाला सांगू नये.”
हे ‘कुणाला सांगू नये’ कुठल्या रकान्यात?
“ते तुझ्यासाठी नाही.
माझं मला आठवावं म्हणून लिहिलंय.”

“ओमुरझाक. पीठ, अर्धं पोतं.
वसंतात देईल, कोकरू झालं तर.”

तारीख टाका, मशीन म्हणालं.
मी ‘वसंत’ टाकून पाहिला.
लाल अक्षरं आली: तारीख अनिवार्य.
मग टाकली तीस एप्रिल.
‘तर’ गाळला.
दोनच अक्षरं. त्यानं काय बिघडतं?

तीस एप्रिलला सकाळी नऊ वाजता
मी केस धूत होते,
आणि मला न विचारता
एक्केचाळीस फोन एकदम गुरगुरले,
गोठ्यात, मशिदीत, एका साखरपुड्यात.

ओमुरझाक दुपारी चालत आला.
फोन टोपीत ठेवलेला, अंडं आणावं तसा.
“चष्मा नाही. वाचून दे.”
मी वाचलं: आपली बाकी एक हजार एकशे पन्नास. मुदत संपली.

इतकी वर्षं तो दारात दिसला की
आई विचारायची, “बाकी काय?”
आणि तो गुडघ्यापासून सुरू करून
मॉस्कोतल्या मुलापर्यंत पोहोचायचा.
आज बाकी म्हणजे नुसता आकडा.

“कोकरू मेलेलंच जन्मलं,” तो म्हणाला.
मला नाही, आईला नाही,
फोनला.
आई म्हणाली, “मशीन नवं आहे रे, चुकतं कधीकधी.”
सहज, पोतं सरकवावं तसं खोटं.

पण वहीही काही साध्वी नव्हती.
गल्ल्यावर उघडी पडलेली, उलटी असली तरी
रांगेतल्या सगळ्यांना वाचता यायची.
देणं थकलेल्या बाया मान खाली घालून शेवटी उभ्या राहायच्या.
आणि झुउरा, जिला अक्षर येत नाही,
जिचे नमदे व्हॅनवाला येऊन
चहाच्या किमतीत उचलून न्यायचा,
ती आता त्यांचे फोटो काढते, मी पाठवते,
आणि रॉटरडॅममधलं कुणीतरी तिच्या लाल शिंगांच्या नक्षीवर
पाय ठेवून कॉफी पितं.
पैसे थेट तिच्या फोनवर. कुलूप तिच्या अंगठ्याचं.
अंगठाबहाद्दर म्हणून हसायचे तिला,
आता डॉक्टरसुद्धा दिवसातून शंभरदा अंगठा उमटवतो.
नवरा विचारतो, किती आले?
ती म्हणते, “मशीनला माहीत.”

त्या रात्री मी एक रकाना वाढवला: शेरा.
अनिवार्य नाही. बेरजेत धरला जात नाही.
आईनं सांगितलं, मी लिहिलं:
कोकरू झालं तर. नाहीतर पुढच्या वसंतात.

“कळलं त्याला?”
नाही. पण जपून ठेवील.
“कुठे?”
दूर कुठेतरी. मोठ्या थंड खोल्या असतात, तिथे.
“आपल्यापेक्षा थंड?”
मी शेगडीत कोळसा टाकला.

आई बराच वेळ वहीची पानं उलटत राहिली.
मग म्हणाली,
“तोक्तोसुनच्या धाकटीचं काढून टाक तिथून.
ते माझ्याकडे असू दे.”