काठीला रंग देऊ नये

मस्कतच्या वकिलातीत मराठी बोलणारे दोघेच:
मी, हेडक्लार्क, मूळ वेंगुर्ल्याचा,
आणि कार्स्वेल साहेब, जे नगरला असताना
खात्याची मराठी परीक्षा पास झाले होते, दुसऱ्या वर्गात.

त्यांची मराठी पुस्तकी, कडक इस्त्रीची.
जूनमध्ये मध्यरात्रीही डोंगर धग ओकत राहत,
तेव्हा गच्चीवर ओली चादर पांघरून म्हणत,
"आज उष्मा फार होत आहे, नाही काय, परुळेकर?"
मी म्हणे, "साहेब, याला उकडतंय म्हणतात."
मग पुटपुटत राहत, उकडतंय, उकडतंय,
जीभ भाजल्यासारखे.

बाकी दिवस इंग्रजीचा.
मी टाइप करायचो, खाली दोन कार्बन:
खजुराचे भाव. सुलतानाचं कर्ज.
कुणा शेखाला दंड, तोही आपल्याच रुपयांत.
एकदा किनाऱ्यावरचा बुरूज तोफेने पाडायची शिफारस.
"दोन तास आधी सूचना द्यावी, बायकामुलं निघतील"
हे वाक्य त्यांनी तीनदा खोडून पुन्हा लिहिलं.
बुरूज पडलाच.

आणि अंगणातली झेंड्याची काठी.
कुठे लिहिलेलं नव्हतं, पण साऱ्या किनाऱ्याला ठाऊक:
पळालेल्या गुलामाने आत शिरून तिला मिठी मारली
की त्याचा जबाब घेतात, सुटकेचा कागद देतात.
मरझूक आला सोहारहून, अकरा रात्री चालत,
टाचा फुटलेल्या. काठी सोडीना.
म्हटलं, बाबा रे, सोड आता, नाव सांग.
एका हाताने धरूनच राहिला,
दुसऱ्याचा अंगठा दिला.

झाफरान आली त्या आठवड्यात
विमानं उतरवायच्या जागेची बोलणी चालू होती,
आणि तिचा मालक दरबारातला.
साहेब रात्रभर दिवा लावून बसले.
सकाळी मला सांगितलं, लिहा:
समजूत घालून परत पाठवली. प्रकरण निकाली.
मी टाइप केलं. दोन कार्बन.
दुपारी ते जेवले नाहीत.
मी जेवलो, खोटं कशाला सांगू.

दर हिवाळ्यात बुशहरहून रंगरंगोटीचं अंदाजपत्रक येई.
छातीच्या उंचीला काठीचा रंग पार उडालेला,
लाकूड गुळगुळीत, देवळाच्या उंबऱ्यासारखं.
साहेब लाल शाईने समासात लिहीत:
तेवढ्या हातभर जागेला रंग देऊ नये.
कारण लिहीत नसत.

त्यांचा मुलगा तापाने गेला, चार वर्षांचा.
होडीनेच जाता येतं अशा एका खाडीत पुरला.
परतताना साहेब एवढंच बोलले, तेही मराठीत:
"त्यास सांगा, सावकाश."
बलुची नाखव्याला मराठी येत नव्हतं.
वल्हं सावकाश पडू लागलं.

मग सत्तेचाळीस. कागद दिल्लीऐवजी लंडनला जाऊ लागले,
माझी जागा कमी झाली.
साहेबांना पदक मिळालं, गॅझेटात तीन ओळी:
बुशहर, कुवेत, मस्कत.

निघायच्या पहाटे अंगणात गेलो.
झेंडा अजून चढायचा होता.
सहज त्या हातभर जागेवर हात ठेवला,
आणि मागून, गच्चीवरून, पुस्तकी मराठीत आवाज आला,
"परुळेकर, आपला जबाब घ्यावा काय?"

थट्टा होती की विचारत होते,
बोट सुटली तरी ठरेना.
अजून ठरत नाही.