खाली काहीच नाही असं धरून

अर्शद बागवान म्हणाला, क्लँग घे.
एकाच पोटात सगळ्या यंत्रांच्या भाषा,
टार्गेटचं नाव सांग आणि मोकळी हो.
वारज्याच्या पुलाखाली चहा पिताना असं म्हणाला
जसं कुणी सांगावं, बायपासने जा, सिग्नल कमी लागतात.
मी मान हलवली
आणि घरी येऊन जीसीसीचा सोर्स उतरवायला लावला.

आधीची चूक सांगते.
दिवसा हिंजवडीत विम्याच्या पावत्या तपासणारं
सॉफ्टवेअर तपासते मी. रात्रीचं हे माझं.
लॅपटॉपमध्ये आयता कंपायलर बसलेला होता,
म्हटलं, घरात आहे की, दुसरा कशाला.
त्याने कर्नल निमूट बांधूनही दिला.
पण तो घरातला. त्याला वाटत होतं
खाली लिनक्स आहे, मागितली की मेमरी मिळते,
बिघडलं तर हाक मारायला कुणीतरी आहे.
माझ्या कर्नलच्या खाली कुणी नव्हतं.
एक ठेच, ती सांभाळताना दुसरी,
तिसरीला मशीन पुन्हा पहिल्यापासून.
काळा पडदा, उजेड, काळा पडदा.
रात्रीचा दीड, आणि वरच्या मजल्यावर
कुणाचा तरी पंप बंद करायचा राहिलेला.

गुरुवार. भोसरीला सुट्टी, म्हणून बाबा घरी.
एकसष्टाव्या वर्षीही लेथवर उभे राहतात,
घरी मात्र बसायला जागा शोधत फिरतात.
म्हणाले, सकाळपासून काय शिजतंय?
म्हटलं, हत्यार करतेय. आधी असेंब्लर, लिंकर,
मग कंपायलर. जुन्यानेच नवा घडवायचा,
पण नव्याने जुन्याच्या सवयी उचलायच्या नाहीत.
बाबा खुर्ची ओढून बसले.
आमच्या लेथचा लीडस्क्रू, म्हणाले,
दुसऱ्या लेथवरच कापलेला. तिचा आणखी तिसऱ्या.
मग तिची चूक इकडे येत नाही?
येते ना. फुटाला दोन थाउ.
मग?
मग मोजून ठेवायची. कापताना उलटी द्यायची.

पावणेअकराला वीज गेली.
माझी बॅटरी म्हणजे नुसती शोभा.
दोन वाजता परत आली, तेव्हा मेकच्या लक्षात होतं
कुठवर आलो होतो. माझ्या नव्हतं.

खरं सांगायचं तर शहाण्याने क्लँगच घ्यावा.
मला वाटलं, चूक मोजायची तर
हत्यार घडताना समोर बसलेलं असावं.
किंवा हे कारण मी नंतर जुळवलं असेल,
आणि अर्शदचं ऐकायचं नव्हतं, एवढंच.

चौसष्ट बिटांवर अजून एक गंमत असते:
कंपायलर स्टॅकच्या खाली एकशे अठ्ठावीस बाइट
न विचारता धरून ठेवतो,
पीएमटीच्या खिडकीतून रुमाल टाकावा तसे.
इंटरप्ट येतो आणि रुमालावरच बसतो.
त्याला सांगावं लागतं, बाबा रे, इथे रुमाल चालत नाही.
एक फ्लॅग. त्यासाठी माझे दोन शनिवार गेले.

संध्याकाळी साडेसहाला पडद्याच्या डाव्या कोपऱ्यात
एक अक्षर उमटलं. इंग्रजी के.
मला क हवा होता,
पण त्या जुन्या अक्षरपेटीत क नाही.
तो मला स्वतः काढावा लागेल, ठिपक्या-ठिपक्याने,
आठ रुंद, सोळा उंच. शिरोरेषा कुठे घ्यायची
ते अजून ठरत नाही.

बाबांनी चष्मा लावून पाहिलं.
एवढंच?
एवढंच.
आणि हे उभं कशावर आहे?
कशावरच नाही, म्हटलं.
त्यांनी बोटाच्या पेराने टेबलावर दोनदा ठोकलं,
मशीनचा पाया बघताना ठोकतात तसं,
मान वाकडी करून थोडा वेळ ऐकलं,
आणि म्हणाले, लेव्हल तपासून घे. उद्या माझी फर्स्ट आहे.